लेट्रोझोल चालू असताना हाडे राखायची कशी? गोळी, सलाइन आणि इंजेक्शन यांचा तुलनात्मक आढावा

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन पार पडल्यावर रोजची एक लहानशी गोळी तेवढी उरते, आणि अवघड भाग संपला असे घरातले सगळेच धरून चालतात. पाळी गेलेल्या बाईला ही गोळी बहुधा लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल किंवा एक्झेमेस्टेन असते. तिन्हींचे काम एकच, शरीरात उरलेसुरले इस्ट्रोजेन तयार होऊ न देणे. आणि हाडांना जपणाराही तोच हार्मोन असल्यामुळे एरवी पाळी गेल्यावर वर्षाला सुमारे एक टक्क्याने होणारी हाडांची झीज या गोळ्यांवर साधारण दुप्पट वेगाने होते. माझ्या मणक्यांचा टी-स्कोअर, म्हणजे हाडांची घनता सांगणारा आकडा, दोन वर्षांत उणे 1.5 वरून उणे 2.1 वर आला, तोही कुठे काही दुखत नसताना. उणे 2.5 च्या खाली गेल्यावर हाडे ठिसूळ झाली असे म्हणतात, पण या गोळ्या चालू असतील तर डॉक्टर तिथवर थांबत नाहीत. उणे 2 च्या खाली गेले, किंवा आधी एखादे हाड मोडलेले असले, तर हाडांचे औषध सुरू करण्याचा विषय काढतात. माझ्यापुढे तो तसाच निघाला आणि एकाऐवजी चार वाटा दिसल्या. याच टप्प्यावर उभ्या असलेल्या बायकांसाठी त्या शेजारी शेजारी मांडत आहे.

पहिली वाट लेट्रोझोल सोडून टॅमॉक्सिफेन या याच कर्करोगावरच्या दुसऱ्या हार्मोनविरोधी गोळीकडे जाण्याची. पाळी गेलेल्या स्त्रीच्या हाडांना टॅमॉक्सिफेन उलट थोडा आधारच देते, म्हणून ही वाट सोपी वाटते. मात्र दोन्ही औषधांच्या चाचण्या एकत्र करून 2015 साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, टॅमॉक्सिफेनची पाच वर्षे घेणाऱ्यांमध्ये दहा वर्षांत या कर्करोगाने मृत्यू येण्याचे प्रमाण 14.2 टक्के, तर लेट्रोझोलच्या गटातील औषधे घेणाऱ्यांमध्ये 12.1 टक्के होते; पाच वर्षांत हाड मोडण्याचे प्रमाण अनुक्रमे 5.5 आणि 8.2 टक्के होते. शिवाय टॅमॉक्सिफेनने गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा आणि रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. सांधेदुखीने जगणेच नकोसे झाले असेल तर हा बदल योग्य ठरू शकतो, पण केवळ हाडांसाठी तो करण्याचे कारण मला दिसत नाही, कारण हाडांसाठी वेगळी औषधे उपलब्ध आहेत.

आठवड्यातून एकदा घ्यायची अ‍ॅलेंड्रोनेट किंवा रिसेड्रोनेटची गोळी सगळ्यांत स्वस्त आणि गावातल्या औषधाच्या दुकानातही मिळणारी. तिची अट तेवढी पाळावी लागते: सकाळी अनशापोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढचा अर्धा तास आडवे व्हायचे नाही, चहाही घ्यायचा नाही. ज्यांना आधीच आम्लपित्त आहे किंवा घास गिळताना त्रास होतो, त्यांच्या अन्ननलिकेला ही गोळी सोसत नाही. सकाळी उठल्या उठल्या चहाशिवाय डोळे न उघडणाऱ्या घरांत ही अट चार-सहा महिन्यांत सैल पडते, असा माझा अंदाज आहे.

झोलेड्रोनिक अ‍ॅसिड सलाइनमधून शिरेत देतात. स्तनाच्या कर्करोगानंतर बहुधा 4 मिलिग्रॅम, दर सहा महिन्यांनी. प्रत्यक्ष थेंब पडायला पंधरा-वीस मिनिटे लागतात, मग त्या दिवसाचे बाकी काम रांगेत उभे राहण्याचे. पहिल्या वेळी दुसऱ्या दिवशी ताप आणि अंगदुखी येऊ शकते. मला ऐन मे महिन्यात पांघरूण घेऊन बसावे लागले होते. पॅरासिटामॉल घेतल्यावर दोन दिवसांत ते ओसरले आणि दुसऱ्या खेपेला जाणवलेही नाही. मूत्रपिंडे मात्र धडधाकट हवीत, म्हणून प्रत्येक वेळी आधी रक्तातले क्रिएटिनिन तपासतात, ते वाढले की मूत्रपिंडे कमी पडत आहेत असे समजते. या औषधाच्या पारड्यात आणखी एक वजन आहे: हे औषध ज्या बिस्फॉस्फोनेट गटात मोडते त्या गटातील औषधांच्या चाचण्यांचे जे एकत्रित विश्लेषण त्याच 2015 साली आले, त्यात पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये दहा वर्षांतील कर्करोगाचे मृत्यू 18 टक्क्यांवरून 14.7 टक्क्यांवर आलेले दिसले आणि हाडांत कर्करोग परतण्याचे प्रमाणही कमी झालेले दिसले. पाळी चालू असलेल्यांना हा फायदा आढळला नाही.

आता डेनोसुमॅब. याबद्दल थोडे जास्त लिहिते, कारण त्याची अर्धीच बाजू सांगितली जाते. 60 मिलिग्रॅमचे हे इंजेक्शन दंडाला, मांडीला किंवा पोटाला त्वचेखाली सहा महिन्यांतून एकदा देतात. ताप येत नाही, शीर शोधावी लागत नाही, आणि केमोने शिरा गेलेल्या बाईला ही केवढी सोय आहे हे तिलाच ठाऊक. मूत्रपिंडे कमकुवत असली तरी ते देता येते, मात्र अशा रुग्णांत रक्तातले कॅल्शियम धोकादायकरीत्या उतरू शकते, त्यामुळे त्यावर नजर ठेवावी लागते. ऑस्ट्रिया आणि स्वीडनमध्ये झालेल्या मोठ्या चाचणीत लेट्रोझोलसारख्या गोळ्या घेणाऱ्या 3425 स्त्रियांपैकी निम्म्यांना हे इंजेक्शन दिले, तेव्हा त्यांच्यातील हाडे मोडण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. नुसत्या हाडांच्या हिशेबात हे औषध सलाइनच्या मागे नाही, किंबहुना घनता थोडी जास्तच वाढवते. मात्र सलाइनमधले औषध हाडांत साठून राहते आणि थांबवल्यावरही काही वर्षे काम करते. डेनोसुमॅब तसे साठत नाही. शेवटच्या इंजेक्शनचा परिणाम सहा महिन्यांनी ओसरला की दबलेली झीज उसळी घेते, वर्षांनुवर्षांची कमाई काही महिन्यांत जाते आणि काही रुग्णांचे एकाहून अधिक मणके दबून मोडतात. म्हणून इंजेक्शनला महिन्याहून जास्त उशीर चालत नाही आणि ते बंद करायचे ठरले तर शेवटच्या इंजेक्शननंतर सहा महिन्यांच्या आसपास झोलेड्रोनिकचे सलाइन देऊन ती झीज आवरावी लागते. लेट्रोझोलची पाच वर्षे संपली म्हणून त्याच दिवशी हे इंजेक्शनही परस्पर बंद करणे, ही चूक सहज होऊ शकते आणि ती महागात पडते. हे इंजेक्शन दोन ते आठ अंश तापमानात ठेवावे लागते, त्यामुळे दुकानातून दवाखान्यापर्यंत बर्फाच्या डब्यातून न्यावे लागेल. मे महिन्यात एसटीने दोन तास प्रवास करणाऱ्या बाईने हा विचारही आधी करावा.

तिन्ही औषधांपूर्वी दात तपासून घ्यावेत, कारण ही औषधे चालू असताना दाढ काढली तर क्वचित जबड्याचे हाड उघडे पडते आणि जखम भरत नाही. मला सलाइनची तारीख देताना दातांबद्दल कोणी अवाक्षर काढले नव्हते. खालची दाढ हलते आहे असे मीच बोलून गेले, म्हणून आधी ती काढून जखम भरेपर्यंत दोन महिने थांबता आले. ड जीवनसत्त्वाची पातळीही सुरुवातीलाच सावरावी लागते, नाहीतर सलाइन किंवा इंजेक्शननंतर रक्तातले कॅल्शियम घसरून बोटांना मुंग्या येतात. कॅल्शियम दिवसाला 1000 ते 1200 मिलिग्रॅम लागते. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम असते, म्हणजे दोन भाकऱ्या, दूध आणि दही यांवर बरेचसे भागते आणि उरलेल्यासाठी गोळी पुरते.

हाडांचे कोणतेही औषध सांध्यांच्या आखडण्यावर उतारा नाही. सकाळी लोणच्याच्या बरणीचे झाकण फिरत नाही, मूठ पुरी वळत नाही, या त्रासाचे हाडांच्या घनतेशी नाते नसते, आणि त्यालाच कंटाळून कित्येकजणी लेट्रोझोल डॉक्टरांना न सांगता सोडतात. आठवड्याला दीडशे मिनिटे भरभर चालणे आणि दोन दिवस वजने उचलण्याचा व्यायाम यांनी ही दुखणी कमी होतात, हे चाचणीत दिसलेले आहे; तेवढ्याने भागले नाही तर डॉक्टर काही आठवडे गोळी थांबवून त्याच गटातली दुसरी देऊन पाहतात. अंगातून येणाऱ्या गरम वाफांसाठी नैराश्यावरची काही औषधे देतात, पण टॅमॉक्सिफेन चालू असेल तर पॅरोक्सेटीन आणि फ्लुऑक्सेटीन टाळावी लागतात, कारण ती टॅमॉक्सिफेनचा परिणाम घटवतात.

मी सलाइन निवडले. मूत्रपिंडे ठीक आहेत, कर्करोग हाडांत परतू नये हा लोभही होता, आणि एखादे वेळी तारीख चुकली तरी मणके दबण्याची भीती नाही. माझ्याबरोबर रेडिएशनला येणाऱ्या मैत्रिणीचे क्रिएटिनिन वाढलेले असल्याने तिने इंजेक्शन घेतले आहे. तिच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर पुढच्या इंजेक्शनच्या तारखेला लाल गोल आहे आणि त्याखाली तिच्या सुनेच्या हातचे एकच वाक्य आहे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवायचे नाही.