लीड ऑपरेटर की सुपरवायझर?

अंधेरीच्या एमआयडीसीत एकाच आठवड्यात दोन ऑफर आल्या, एक ‘लीड ऑपरेटर’ची आणि एक ‘सुपरवायझर’ची, तर घरचे दुसरीचेच पेढे वाटतील. पेढे जरा थांबवा.

लीड हा हात काळे करणाऱ्यांतलाच. मशीन स्वतः चालवायचं, नव्या पोराला सेटिंग शिकवायचं, शिफ्ट सुरू होताना कामं वाटून द्यायची. पण रजेच्या अर्जावर सही त्याची नसते, मेमो तो देत नाही, वार्षिक शेराही लिहीत नाही. सुपरवायझर या तिन्ही गोष्टी करतो, मशीनला मात्र क्वचितच हात लावतो. गिरणगावातल्या जॉबरकडे, म्हणजे कापड गिरणीतल्या मुकादमाकडे, दोन्ही होतं: मागाची दुरुस्तीही आणि माणसं लावण्याची सत्ताही. बदली कामगार, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी रोजच्या रोज काम मिळणारे, त्याच्या तोंडाकडे बघत उभे असायचे. तशी सत्ता आता दोघांकडेही नाही.

खरा फरक कायद्यात आहे. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात दरमहा १०,००० रुपयांपेक्षा जास्त पगाराचा पर्यवेक्षक ‘कामगार’ धरला जात नसे. २०१० आधी ही मर्यादा अवघी १,६०० होती. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ती १८,००० झाली. मुंबईत सुपरवायझर ही रेषा सहज ओलांडतो. मग दुप्पट दराच्या ओव्हरटाइमचा हक्क जाऊ शकतो, आणि उद्या काढून टाकलं तर औद्योगिक न्यायाधिकरणाचं दारही बंद. लीडचा पगार कितीही असो, त्याचं मुख्य काम हाताचंच असेल तर तो कामगारच राहतो. कोर्टही हुद्द्याचं नाव पाहत नाही, दिवसभर प्रत्यक्ष काय करता ते पाहतं. त्यामुळे नुसतं ‘सुपरवायझर’ म्हटलं आणि मशीनवरच उभं केलं, तरी हक्क आपोआप जात नाहीत. ते सिद्ध करायला चपला झिजवाव्या लागतात, एवढंच.

लीडचं दुखणं वेगळं. माल रिजेक्ट झाला की पहिली हाक त्याला, आणि दांडी मारणाऱ्याला तो फक्त ‘अरे ये ना रे’ म्हणू शकतो. सुपरवायझरला निदान त्याला खडसावता येतं, पण कॅन्टीनमध्ये तो आला की टेबलावरच्या गप्पा थांबतात.

माझं मत विचाराल तर दोन-तीन हजारांच्या वाढीसाठी सुपरवायझर होऊ नका. बुडालेला ओव्हरटाइम धरला तर हातात कमीही पडू शकेल. पुढे प्लांट मॅनेजरपर्यंत जायचं असेल तर गोष्ट वेगळी. लीड घेत असाल तर ‘लीड अलाउन्स’ बेसिकमध्ये आहे की वेगळा, हे सही करण्याआधी विचारा. वेगळा असेल तर शिफ्ट बदलली की तोच पहिला कापला जाऊ शकतो.