एका यंत्रावर एकच डेस्कटॉप: खानापूरच्या दुकानात लिनक्सचे आठ महिने

बेळगावजवळच्या खानापुरात आमचं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं मराठीत; पंचायतीला, तहसील कचेरीला द्यायचे अर्ज कन्नडमध्ये. दिवसभर दोन्ही लिप्या चालू. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि आमची तिन्ही यंत्रं ११ साठी जुनी ठरली. दिवाळीला भाचा आला होता. तो म्हणाला, "आत्ती, यंत्रं चांगली आहेत, टाकू नको." सुट्टी संपायच्या आत त्यानं तिन्हींवर विंडोजऐवजी लिनक्स चढवलं. लिनक्स मिंट, डेबियन, फेडोरा अशा वेगवेगळ्या तयार संचांत मिळतं, त्यांना डिस्ट्रो म्हणतात. पडद्यावरची खिडक्या, मेनू, पट्टी यांची मांडणी म्हणजे डेस्कटॉप, आणि तोही आपल्याला निवडता येतो.

काउंटरवर मिंट २२, सिनॅमन डेस्कटॉपसह. मागच्या टेबलावर ४ जीबी रॅमचं सगळ्यांत जुनं यंत्र, त्यावर डेबियन १३ आणि एक्सएफसीई डेस्कटॉप. पत्रिकांच्या डिझाइनसाठी तिसरं, त्यावर फेडोरा ४२ ची केडीई आवृत्ती, म्हणजे प्लाझ्मा डेस्कटॉप.

तिन्ही रोज हाताखालून गेल्यावर एक गोष्ट पक्की कळली. डिस्ट्रोच्या यादीत एखादा डेस्कटॉप असणं वेगळं आणि त्या डिस्ट्रोनं तो सांभाळणं वेगळं. नवीन माणसाला दोन्ही सारखंच वाटतं, कारण दोन्हीकडं 'इन्स्टॉल' हेच बटण असतं.

मिंटचंच बघा. २०११ मध्ये ग्नोम या डेस्कटॉपची तिसरी आवृत्ती आली, जुनी मांडणी गेली, ती हवी असणाऱ्यांनी वेगळ्या वाटा धरल्या. त्यातून माटे हा डेस्कटॉप आला आणि मिंटच्या मंडळींनी स्वतः सिनॅमन उभं केलं. त्यामुळं सिनॅमन मिंटचं घरचं. अपडेट मॅनेजर, सेटिंग्ज, प्रिंटर, सगळं एकाच हातचं वाटतं. केडीईची आवृत्तीही मिंट पूर्वी काढायचं, पण १८.३ नंतर ती थांबवली. आजही मिंटवर प्लाझ्मा टाकता येतो, मात्र तो येतो मिंट ज्या डिस्ट्रोवर उभं आहे त्या उबुंटू २४.०४ मधून, आणि त्याची आवृत्ती ५.२७ आहे. प्लाझ्माची सहावी आवृत्ती फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस बाहेर पडली, तोवर २४.०४ मध्ये नवं काही घ्यायची दारं बंद होत आली होती. म्हणजे मिळतो, पण त्याच्याकडं बघणारं माणूस त्या घरात नाही.

हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर डिसेंबरमधला एक दिवस वाचला असता. तिसऱ्या यंत्रावरचा प्लाझ्मा मला इतका आवडला की काउंटरच्या यंत्रावरही सिनॅमनच्या शेजारी तोच टाकला. लॉगिनच्या वेळी कुठला हवा ते निवडता येतं, मग अडचण काय, असं वाटलं. चार दिवसांनी नंदगडचे एक काका मुलीच्या लग्नाची पत्रिका न्यायला आले. पीडीएफ नेहमीच्या प्रोग्रॅमऐवजी दुसऱ्याच प्रोग्रॅममध्ये उघडली, छपाईची खिडकी वेगळी, कागदाचा आकार ए४ धरलेला. पहिल्या पत्रिकेची उजवी किनार कापून आली, गणपतीचं चित्र अर्धं. काका काही बोलले नाहीत, नुसते पत्रिकेकडं बघत राहिले. तो चेहरा मला अजून आठवतो.

रात्री प्लाझ्मा काढून टाकला, तरी सिनॅमनमध्ये अक्षरं आणि रंग बदललेलेच. भाच्यानं फोनवरून शोधून काढलं. प्लाझ्मा बाकीचे प्रोग्रॅम आपल्या रंगरूपाशी जुळावेत म्हणून होम फोल्डरमध्ये जीटीकेची, म्हणजे सिनॅमनमधले बरेच प्रोग्रॅम ज्या साच्यावर बनतात त्याची, सेटिंग्जची फाइल लिहून ठेवतो. पॅकेज काढलं तरी ही फाइल राहते, कारण ती वापरणाऱ्याची फाइल, पॅकेजची नव्हे. पासवर्ड ठेवायच्या तिजोऱ्याही दोन झाल्या होत्या, ग्नोमची वेगळी, केडीईची वेगळी. शेवटी नवीन युजर काढला, कामाच्या फायली तिकडं नेल्या आणि मोकळी झाले. दोन्ही डेस्कटॉप आपापल्या जागी उत्तम आहेत. एका घरात दोन चुली मी मांडल्या. ज्याला तसंच वापरून बघायचं असेल त्यानं निदान दोघांसाठी दोन वेगळे युजर करावेत.

डेबियनची रीत मला मनापासून आवडते. बसवताना समोर आठ नावं येतात: ग्नोम, ग्नोम फ्लॅशबॅक, एक्सएफसीई, प्लाझ्मा, सिनॅमन, माटे, एलएक्सडीई, एलएक्सक्यूटी. काहीच निवडलं नाही तर ग्नोम मिळतं, पण म्हणून बाकीच्यांना परकं करत नाहीत. डेबियन १३ मध्ये एक्सएफसीई ४.२० आहे आणि या आवृत्तीत तेच राहणार. दुरुस्त्या येतात, नवी रूपं येत नाहीत. आमच्याकडं पावसात करंट कधी जाईल त्याचा नेम नसतो, त्यामुळं अपडेट जितके कमी तितका जीव निवांत.

फेडोराकडं ग्नोम पहिल्यापासून मुख्य. केडीई कित्येक वर्षं 'स्पिन', म्हणजे बाजूची पंगत. एप्रिल २०२५ मध्ये ४२ पासून तिला ग्नोमच्या बरोबरीनं पूर्ण आवृत्तीचा मान मिळाला. त्याआधीचं मी वापरलेलं नाही, पण आठ महिन्यांत दुय्यम वागणूक कुठं जाणवली नाही, उलट प्लाझ्माच्या नव्या आवृत्त्या चटकन आल्या. त्याची किंमत अशी की एका आवृत्तीला साधारण १३ महिनेच आयुष्य. जानेवारीत ४३ वर गेले तेव्हा डाउनलोडला सकाळ गेली.

आता टायपिंग. मराठी आणि कन्नड दोन्हींसाठी मी 'कगप' हा कीबोर्ड लेआउट वापरते. ते मुळात कन्नड गणक परिषदेचं, त्यावरून मराठीसाठीही तसंच केलेलं. एकाच बोटांच्या सवयीत दोन्ही भाषा बसतात. सीमाभागातल्या माणसाला याहून सोयीचं काय असणार! ते डेस्कटॉपच्या खालच्या थरात असल्यामुळं तिन्ही यंत्रांवर मिळालं. 'दुसऱ्या'मधला ऱ्य तिन्हीकडं सारखाच नीट उमटतो. फरक पडला तो खालच्या पट्टीवर. दोन्ही लेआउट भारताचेच, म्हणून एक्सएफसीईत दोन्हींना तिरंगा दिसायचा आणि अर्जाची अर्धी ओळ चुकीच्या लिपीत गेल्यावर कळायचं. प्लाझ्मात ते लेबल स्वतः लिहिता येतं. मी 'म' आणि 'क' लिहून ठेवलं. एवढ्याशा सोयीनं दिवसाचा किती त्रास वाचतो ते दोन भाषांत टायपिंग करणाऱ्यालाच कळेल.

मैत्रिणींनी विचारलं तर मी आधी विचारते, यंत्र किती वर्षं न हलवता चालवायचं आहे? कुबुंटू किंवा झुबुंटू (उबुंटूचीच प्लाझ्मा आणि एक्सएफसीई असलेली रूपं) २४.०४ घेतलं तर सपोर्ट आवृत्ती आल्यापासून तीन वर्षं, म्हणजे एप्रिल २०२७ पर्यंत. मुख्य उबुंटूला मात्र पाच. हा फरक डाउनलोड करण्याआधी बघून ठेवावा.

काउंटरचं मिंट मी २०२९ पर्यंत हलवणार नाही. मागचं डेबियनही तसंच राहील. तिसऱ्यावर फेडोराची पुढची आवृत्ती घालायची आहे, पण ती लग्नसराई उरकल्यावर, आणि बॅटरी पूर्ण भरलेली बघून.