पहिलं घर, रिसेल फ्लॅट आणि आम्ही लावलेल्या वकीलबाई : पाच महिन्यांचा अनुभव

आमचा फ्लॅट पुण्यात सिंहगड रोडला, टू बीएचके, 1998 ची बिल्डिंग, भाव ठरला 62 लाख. जून 2024 मध्ये टोकन म्हणून एक लाख दिले आणि एजंट म्हणाला दीड महिन्यात चावी हातात, यंदाचा गणपती नव्या घरातच बसवा. चावी मिळाली दिवाळीच्या पाडव्याच्या आदल्या दिवशी. मधले सगळे महिने आमच्या वकीलबाईंनी आम्हाला थांबवून ठेवलं, आणि हा रिव्ह्यू त्यांच्याच कामाचा आहे. त्यांचं नाव इथे टाकत नाहीये कारण त्यांनीच नको म्हणून सांगितलंय, पण त्यांनी काय केलं ते सविस्तर लिहिते कारण आम्हाला हे आधी कोणी सांगितलं नव्हतं.

पहिला प्रश्न सगळेच विचारतात, लोन काढताय ना मग बँक लीगल (कागदांची कायदेशीर तपासणी) करतेच की, वेगळा वकील कशाला? माझ्या नवऱ्याचंही हेच म्हणणं होतं. बँकेचा वकील बँकेसाठी बघतो, त्याचा रिपोर्ट बऱ्याचदा आपल्या हातातही येत नाही, आणि पुढे काही निघालं तर हप्ते आपले चालूच राहतात. माझ्या आत्तेबहिणीने हट्टच धरला म्हणून आम्ही शिवाजीनगर कोर्टाजवळ या मॅडमच्या ऑफिसला गेलो. फी सांगितली 25 हजार, त्यात 30 वर्षांचा सर्च (जुन्या व्यवहारांच्या नोंदी तपासणं), टायटल रिपोर्ट (मालकी स्वच्छ आहे का याचा अहवाल), ॲग्रीमेंट आणि सेल डीडचा (खरेदीखताचा) ड्राफ्ट आणि रजिस्ट्रेशनच्या दिवशी स्वतः हजर राहणं. पेपरातल्या जाहीर नोटिशीचा आणि सर्चच्या पावत्यांचा खर्च वेगळा.

त्यांनी पहिल्या भेटीतच कागदांची यादी दिली. मूळ ॲग्रीमेंट, इंडेक्स टू (व्यवहाराच्या नोंदणीचा उतारा), शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदाचा दाखला), सोसायटीची एनओसी म्हणजे ना हरकत पत्र, जमिनीचा सातबारा, एनए ऑर्डर (जमीन बिगरशेती केल्याचा आदेश), कम्प्लीशन (बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला), लाइट बिल, टॅक्सची पावती. विकणारे काका अगदी सज्जन माणूस, त्यांनी सगळं दोन दिवसांत फाइल करून आणून दिलं. बँकेच्या लीगलमध्ये हेच कागद पास झाले होते, कर्जमंजुरीचं सँक्शन लेटर आलं होतं, आम्ही टाइल्स बघायला सुरुवात केली होती.

आणि मग बारा दिवसांनी मॅडमचा फोन आला, "थांबा. यात अजून दोन मालक आहेत."

झालं असं की फ्लॅट घेतला होता काकांच्या वडिलांनी. ते 2016 ला गेले, मृत्युपत्र नव्हतं. सोसायटीत नॉमिनी म्हणून काकांचं नाव होतं म्हणून सोसायटीने शेअर सर्टिफिकेट त्यांच्या नावावर करून दिलं, आणि काकांना मनापासून वाटत होतं की फ्लॅट आता आपला. आम्हालाही तेच वाटलं असतं. मॅडमनी समजावून सांगितलं की नॉमिनी म्हणजे मालक नाही, तो सांभाळणारा, विश्वस्त. सोसायटीने नाव लावलं तरी हक्क वारसांचाच राहतो, आणि हिंदू वारसा कायद्याने बायको, मुलगा, मुलगी सगळे सारखे वारस. म्हणजे काका, त्यांची आई, आणि न्यू जर्सीला राहणारी त्यांची बहीण, तिघांचा एक तृतीयांश. आम्ही एकट्या काकांच्या सहीवर 62 लाख दिले असते तर कागदोपत्री आमच्या हातात एक तृतीयांश हिस्सा आला असता. हे ऐकून मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या घाम फुटला होता, खरंच सांगते.

एजंटचं म्हणणं होतं बहिणीकडून ईमेलवर ना हरकत मागवू, नोटरी करू, होऊन जाईल. मॅडम म्हणाल्या ईमेलने स्थावर मालमत्तेतला हक्क सुटत नाही, रजिस्टर केलेलं हक्कसोडपत्रच पाहिजे. इथून खरी वाट बघणं सुरू झालं. बहिणीला भारतात येणं शक्य नव्हतं, म्हणून कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने सही करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद. ते तिने न्यूयॉर्कच्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून घ्यायचं, मग मूळ कागद कुरियरने इकडे, आणि महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथला मुद्रांक लागला पाहिजे. मुखत्यार कोणाला करायचं तर काका चालणार नाहीत कारण हक्क त्यांच्याच नावे सोडायचा होता, मग त्यांचे मामेभाऊ तयार झाले. हे मॅडमनी आधीच सांगितलं नसतं तर नक्की काकांच्या नावानेच कागद झाला असता आणि परत सगळं पहिल्यापासून.

मी विचारलं होतं की बहिणीलाच विकणारी म्हणून सेल डीडमध्ये घेतलं तर? त्या म्हणाल्या घेता येतं, पण ती एनआरआय, मग तिच्या हिश्श्याच्या पैशावर 1 टक्क्याचा साधा टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारला भरायचा कर) चालत नाही, नियम वेगळे, दर बराच जास्त, आणि टॅन नंबर (कर कापणाऱ्याला तेव्हा लागणारा नंबर) काढणं वगैरे सगळं घेणाऱ्याच्या म्हणजे आमच्या गळ्यात. बहिणीला तसेही पैसे नको होते, आईला भाऊ सांभाळतो म्हणून तिने आनंदाने हक्क सोडला. त्यामुळे आम्हाला काकांचाच 1 टक्का, 62 हजार कापून त्याचा 26क्यूबी नावाचा फॉर्म भरावा लागला. (50 लाख किंवा वर व्यवहार असेल तर हे घेणाऱ्यानेच करायचं असतं, विसरू नका.)

या काळात आमची अवस्था काय सांगू. ऑगस्टमध्ये आमचा अकरा महिन्यांचा करार संपला, घरमालकीणबाईंना हातापाया पडून तीन महिने वाढवून घेतले. सँक्शन लेटरची मुदत संपत आली, ती वाढवून घेतली. गणपती भाड्याच्याच घरात बसला. सासूबाई रोज विचारायच्या काय झालं गं, आणि मला रोज तेच उत्तर द्यावं लागायचं, कागद यायचाय. एजंट मध्येच सांगायचा दुसरी पार्टी तयार आहे. एकदा मी रडकुंडीला येऊन मॅडमना म्हटलं जाऊ दे मॅडम, रिस्क घेतो आम्ही. त्या अजिबात चिडल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "घर तुमचं आहे, निर्णय तुमचा. पण माझ्या रिपोर्टवर आज क्लिअर लिहिणार नाही." त्या एका वाक्यासाठी मी त्यांची फी दुप्पट दिली असती.

सप्टेंबरच्या शेवटी मुखत्यारपत्राचं सगळं पूर्ण झालं तर पितृपक्ष लागलेला. काकांच्या आई म्हणाल्या यांच्या घराचा कागद मी पंधरवड्यात सही करणार नाही. मॅडमनी एका शब्दाने आग्रह केला नाही, घटस्थापनेनंतरची तारीख धरली. रजिस्ट्रेशनला आजी आल्या, अंगठ्याच्या मशीनवर ठसा चार वेळा उमटेना, तर मॅडमनी त्यांचा हात स्वतःच्या रुमालाने पुसून हळूच धरून ठेवला. मला ते अजून डोळ्यांसमोर दिसतं.

त्यानंतर गाडी भराभर सुटली. आमच्या ॲग्रीमेंटच्या दिवशी सर्व्हर बंद पडला, सकाळी दहाचं टोकन, नंबर लागला साडेचारला, पण डेटा एन्ट्री त्यांच्या असिस्टंटने आदल्या रात्रीच करून ठेवली होती म्हणून त्याच दिवशी झालं तरी. स्टॅम्प ड्युटी पुण्यात मेट्रोचा सेस धरून 7 टक्के, म्हणजे 4,34,000, वर नोंदणी फी 30 हजार. फक्त बाईच्या नावावर घेतलं तर 1 टक्का सूट मिळते, आमचे 62 हजार वाचले असते, पण मग कर्ज दोघांचं असूनही व्याजाची वजावट नवऱ्याला मिळाली नसती कारण तो मालक नाही. मॅडमनी दोन्ही हिशोब कागदावर मांडून दिले आणि आम्ही दोघांच्या नावावर घेतलं. सोसायटीच्या कमिटीने ट्रान्सफरसाठी 75 हजार मागितले होते, तिथेही त्यांनी सांगितलं की महापालिका हद्दीत ट्रान्सफर प्रीमियमची कमाल मर्यादा 25 हजार आहे. एक साधं पत्र लिहून दिलं, विषय संपला.

आता जे खटकलं तेही लिहिते. मॅडम व्हॉट्सॲपला उत्तर देत नाहीत, फोन संध्याकाळी सहानंतरच. कुठल्या कामाला किती दिवस लागतील हे विचारलं की "कागद आला की सांगते" यापलीकडे काही नाही, आणि जिथे आपलं सगळं आयुष्य अडकलेलं असतं तिथे ते फार जड जातं. निदान आठवड्याला एक मेसेज असिस्टंटकडून आला असता तर माझ्या कितीतरी रात्री झोपेत गेल्या असत्या. टायटल रिपोर्टही इतक्या अवघड मराठीत की शेजारच्या निवृत्त तलाठी काकांकडून वाचून घ्यावा लागला. पहिल्याच दिवशी कोण कोण वारस आहेत हे तोंडी विचारलं असतं तर ते बारा दिवसही वाचले असते असं मला अजून वाटतं, हे मी त्यांना बोललेही, त्यांनी ऐकून घेतलं.

पाचपैकी साडेचार. नवीन बिल्डरचा फ्लॅट असेल तर महारेराची (बिल्डरांच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची) साइट वगैरे बघून बरंचसं काम घरबसल्या होतं, पण रिसेल असेल आणि मूळ घेणारा माणूस हयात नसेल तर टोकन द्यायच्या आधी अशा कोणाकडे तरी जा. आम्ही टोकन देऊन मग गेलो. काका भले होते म्हणून निभावलं.

शेअर सर्टिफिकेट गेल्या महिन्यात आमच्या नावावर होऊन आलं. त्याची झेरॉक्स आणि पेढे घेऊन मी मॅडमकडे गेले होते, त्यांनी आधी झेरॉक्सवरचं नावाचं स्पेलिंग तपासलं, मग पेढा घेतला.