होळीनंतर रस्ता की ट्रेनर? मुंबईच्या सायकलस्वारासाठी

‘होळी जळाली, थंडी पळाली’ हे मुंबईत सायकल चालवणाऱ्याला कुणी सांगावं लागत नाही. जानेवारीच्या पहाटे वांद्र्याहून नरिमन पॉइंटला जाऊन यायला पाण्याची एक बाटली पुरते, मार्चअखेरीस तेवढ्याच अंतराला दोन लागतात. मग प्रश्न पडतो: रस्त्यावरच चालवत राहायचं की घरी ट्रेनर, म्हणजे सायकल एका जागी बसवून चालवण्याचं यंत्र, घ्यायचा?

नेटवर मिळणारे बहुतेक ट्रेनिंग प्लॅन थंड देशांच्या हवेवर बेतलेले असतात, हे आधी लक्षात घ्या. तिकडे हिवाळाभर घरात ट्रेनर आणि वसंत आला की रस्ता. आपलं नेमकं उलटं आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपला रस्त्याचा मोसम. मार्चपासून उकाडा सुरू होतो आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास पाऊस येतो. म्हणून मुंबईकराने ट्रेनरचा विचार करायचा तो मार्चमध्ये, डिसेंबरात नाही.

रस्त्याची बाजू आधी बघू. मार्चमध्ये पूर्वेकडून गरम, कोरडे वारे सुटले आणि समुद्रावरचं वारं उशिरा आलं, की दुपारचा पारा चाळिशीला टेकतो. पण पहाटे निघणाऱ्याला खरा त्रास पाऱ्याचा नसतो, तो दमटपणाचा असतो. घाम येतो पण सुकत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. तुम्ही त्याच वेगाने, त्याच गिअरवर चालवत असता आणि हृदयाचे ठोके मात्र तासाभरात दहा-पंधराने वर गेलेले दिसतात. अशा वेळी ठोके बघून चालवणाऱ्याने वेग कमी करावा आणि मनाला लावून घेऊ नये. फिटनेस कुठे गेलेला नसतो, शरीर उष्णता बाहेर टाकण्यात गुंतलेलं असतं.

दिलासा असा की शरीर हे शिकतं. रोज तास-दीड तास उकाड्यात बेताने चालवलं, तर 10 ते 14 दिवसांत रक्तातल्या द्रवाचं प्रमाण वाढतं, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून मीठ कमी जातं. एसी किंवा जोरदार पंख्यापुढे बसून ही सवय होत नाही. आणखी एक गोष्ट रस्त्याच्या बाजूने आहे. डिसेंबर-जानेवारीत जमिनीलगत साचून राहणारी धूसर हवा मार्चपासून समुद्री वाऱ्याने बरीच हलते. छातीसाठी उन्हाळ्याची पहाट हिवाळ्याच्या पहाटेपेक्षा बरी असते. उजाडतंही लवकर: जानेवारीत सव्वासातच्या सुमारास, एप्रिलअखेरीस सव्वासहाच्या आत.

पण इंटरव्हल, म्हणजे मधे दम घेत जोर लावून चालवायचे ठरावीक तुकडे, करायचे म्हटले की मुंबईचा रस्ता कमी पडतो. समजा, आठ-आठ मिनिटांचे चार जोरकस तुकडे करायचे आहेत. ताशी 30 च्या वेगाने आठ मिनिटांत 4 किलोमीटर होतात आणि सगळा मरीन ड्राइव्हच 3.6 किलोमीटरचा! त्यातही सिग्नल. जिथे सलग, गुळगुळीत रस्ता आहे, म्हणजे सी लिंक, कोस्टल रोड, ईस्टर्न फ्रीवे, अटल सेतू, तिथे सायकलला बंदी. पाम बीच रोड किंवा ईस्टर्न एक्सप्रेस हायवे पहाटे त्यातल्या त्यात बरा. चढासाठी बोरिवलीच्या नॅशनल पार्कातला कान्हेरीचा रस्ता किंवा ठाण्याचा येऊर. पण गिरगावात राहणाऱ्याने मंगळवारी ऑफिसआधी येऊर गाठायचं कसं?

इथे ट्रेनर निर्विवाद पुढे आहे. स्मार्ट ट्रेनरवर वॅट (पायांनी किती ताकद लावायची ते) ठरवून दिले की तुम्ही पायांचा वेग बदलला तरी तो भार तेवढाच ठेवतो. मधे सिग्नल नाही, रिक्षा नाही. पाऊण तासात कामाचं काम होतं. जुलैत रस्ते खड्ड्यांनी भरतात तेव्हाही तो उपयोगी पडतो, म्हणजे मार्चमध्ये केलेला खर्च सप्टेंबरपर्यंत वसूल होत राहतो.

त्याला जमत नाही ते लांब पल्ल्याचं काम. 200 किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत पुरी करायची लांब राइड, साडेतेरा तासांत करायची असेल, तर सॅडलवर तासन्‌तास बसणं, चालत्या सायकलवर खाणं, समोरच्या वाऱ्याशी झगडणं, अंधारात खड्डा चुकवणं, हे सगळं रस्त्यावरच शिकावं लागतं. रविवारची लांब राइड ट्रेनरवर ढकलू नये, असं माझं ठाम मत आहे. फक्त साडेचारला निघा आणि नऊच्या आत घरी या. निघताना आणि आल्यावर वजन करा. एक किलो घटलं तर, प्यायलेलं धरून, साधारण लिटरभर पाणी कमी पडलं. पुढच्या खेपेला बाटलीत मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी वाढवा.

मुंबईच्या फ्लॅटचा विचारही करायलाच हवा. मागचं चाक रोलरवर टेकवणारा साधा ट्रेनर काही हजारांत मिळतो, पण टायरची घरघर आणि स्लॅबमधून खाली उतरणारी थरथर पहाटे पाचला खालच्या काकूंना झोपू देणार नाही. चाक काढून चेन थेट ज्यावर बसते तो डायरेक्ट ड्राइव्ह बराच शांत असतो, मात्र कितीतरी पट महाग. दोन्हींखाली जाड रबर मॅट हवीच. समोर छातीच्या उंचीला मोठा पेडेस्टल फॅन हवा, हँडलवर आणि फ्रेमवर टॉवेल हवा. टपकणारा घाम हेडसेटच्या (हँडल जिथे फ्रेममध्ये फिरतं त्या जोडाच्या) बोल्टवर साचतो आणि काही महिन्यांत तिथे गंज चढतो. खारं वारं तर आपल्याकडे असतंच.

वर्ष-दोन वर्षं चालवत असाल आणि ध्येय फिटनेस किंवा पहिली ब्रेव्हे असेल, तर यंदा ट्रेनर घेऊ नका. पहाट अजून तासभर अलीकडे आणा आणि तेच पैसे चांगल्या लाइट्स, टायर आणि बिब शॉर्ट्सवर (सायकलच्या गादीवाल्या चड्डीवर) घाला. रेस करायची असेल, वेग वाढवायचा असेल किंवा ऑफिसमुळे आठवड्यात पाऊण तासच मिळत असेल, तर घ्या: दोन दिवस इंटरव्हल ट्रेनरवर, रविवार रस्त्यावर. एप्रिलमध्ये आठवड्यातली एक सौम्य राइडही बाहेरच ठेवा, म्हणजे उकाड्याची सवय टिकेल.

दुकानात जाताना आपली सायकल सोबत न्या. मागच्या चाकाचा ॲक्सल (आस) खटक्याने सुटणारा क्विक रिलीज आहे की फ्रेममध्ये आरपार बसणारा थ्रू ॲक्सल, कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच) किती स्पीडची आहे, हे ट्रेनरशी जुळतंय का ते तिथेच लावून बघा आणि दहा मिनिटं जोर लावून चालवून आवाज ऐका.