एच-६१ च्या जुन्या डेस्कटॉपला साटा एसएसडी : उन्हाळा, पावसाळा आणि लग्नसराई काढल्यानंतर

आधी मशीन सांगतो, म्हणजे तुमच्याशी जुळतंय का ते बघता येईल. आय-थ्री थर्ड जनरेशन प्रोसेसर, एच-६१ चिपसेटचा (चिपसेट म्हणजे प्रोसेसर आणि डिस्क वगैरेला जोडणारी चिप) मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर-थ्री रॅम, ५०० जीबीची ७२०० आरपीएमवाली हार्डडिस्क आणि विंडोज १०. परभणी जिल्ह्यात सेलूला आमचं छोटं डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, बिलबुकं, शाळेचे आयकार्ड, असलं सगळं काम याच एका मशीनवर, कोरल (डिझाइनचं सॉफ्टवेअर) आणि फोटोशॉपमधी. २०२५ मधी उन्हाळ्याच्या तोंडाला त्यात ४८० जीबीची अडीच इंची साटा एसएसडी (एसएसडी म्हणजे तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क, साटा म्हणजे हार्डडिस्कसारखीच केबलनं लागणारी) टाकली आणि तेव्हापासून रोज सकाळपासून रात्री शटर पडेपर्यंत वापरायलोय. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या स्वस्त रेंजमधल्या, डीरॅम (आतली स्वतःची छोटी मेमरी) नसलेल्या एसएसडी जवळपास एकाच माळेच्या असतात आणि एकाच मॉडेलच्या डब्यात आतली चिप कधी बदलून येईल याचा नेम नसतो.

टाकायच्या आधीची अवस्था ज्यांनी भोगली त्यांना सांगायची गरज नाही. बटण दाबायचं, उदबत्ती लावायची, समोरचा चहा प्यायचा, तोवर डेस्कटॉप दिसायचा, पण माऊस हलवला की गोल चकरी. टास्क मॅनेजर उघडलं की डिस्क १०० टक्के, प्रोसेसर मात्र ८-१० टक्क्यांवर निवांत बसलेला. म्हणजे मशीन म्हातारं झालं म्हणून जो ओरडा चाललेला असतो त्यात बिचाऱ्या प्रोसेसरचा काही दोष नसतो, तो डिस्ककडून माल यायची वाट बघत बसलेला असतो.

का, तर हिशोब साधा आहे. ७२०० आरपीएम म्हणजे हार्डडिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० वेळा फिरती, एक फेरी साधारण ८.३ मिलिसेकंदाची. हेड बरोबर ट्रॅकवर सरकणार, मग पाहिजे तो तुकडा फिरत फिरत खाली येणार, यात १२-१३ मिलिसेकंद सहज जातात, म्हणजे बारक्या बारक्या फायली इकडं तिकडं विखुरलेल्या असल्या तर सेकंदाला शंभरसुद्धा तुकडे वाचून होत नाहीत. एसएसडीत फिरायला काही नाहीच, तीच गोष्ट सेकंदाला हजारोंनी होते. विंडोज चालू होणं, अँटिव्हायरसचं उगं मागं काहीतरी उकरत बसणं, अपडेट, हे सगळं बारक्या फायलींचंच काम.

आणि आमच्या धंद्यात बारक्या फायली म्हणजे फॉन्ट. डीटीपीवाल्याकडं फॉन्ट किती असतात हे दुसऱ्या डीटीपीवाल्यालाच कळतं. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचे वेगळे, कुणी पेनड्राइव्हमधी आणून दिलेले वेगळे, एखादी जुनी पत्रिका उघडायची म्हणून टाकलेले आणि परत कधीच न काढलेले वेगळे. कोरल चालू करताना फॉन्ट वाचतंय तिथं अडकून बसायचं ते दोन-दोन मिनिटं, आणि नंतर फॉन्टची यादी खाली ओढली की नावासमोरचा नमुना एकेक करत उमटायचा, तोवर गिऱ्हाईक मान पुढं काढून स्क्रीनकडं बघत, ‘दादा, अडकलं का हो?’ आता कोरल १५-२० सेकंदात उघडतंय आणि ती यादी माऊसच्या चाकासंगं सरळ खाली पळती. गिऱ्हाइकाला बाजूला बसवून, हा अक्षर बघा, हा बघा, असं चार-पाच फॉन्ट टाकून दाखवायचं म्हणलं तर आधी माझ्याच जिवावर यायचं, आता दाखवतो आणि पत्रिकेची ऑर्डर तिथंच पक्की होती. मला विचाराल तर पैसे इथंच वसूल झाले, विंडोज किती सेकंदात उघडलं ते जाऊ द्या. तरी सांगून टाकतो, बटणापासून कामाला लागेपर्यंत आता अर्ध्या मिनिटाच्या आसपास.

एच-६१ वाल्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्या. या चिपसेटचे सगळे पोर्ट साटा-टू, म्हणजे ३ गिगाबिटचे. एसएसडीच्या डब्यावर ५५० एमबी प्रति सेकंद असं ठळक छापलेलं असतं ते आपल्या बोर्डवर भेटत नाही, मोठी फाइल वाचताना २६०-२७० वर गाडी थांबती. काही जण याच कारणानं म्हणतात की जुन्या बोर्डला एसएसडी म्हणजे पैसे पाण्यात. तसं काही नाही. बारक्या फायलींच्या कामात त्या ३ गिगाबिटच्या पाइपाचं तोंडसुद्धा भरत नाही, आणि मोठ्या फायलीतही जुन्या डिस्कच्या दुप्पट-अडीचपट वेग येतोच. ज्यांच्याकडं एच-८१ आहे त्यांच्या बोर्डवर दोन पोर्ट ६ गिगाबिटचे असतात, तेवढे बघून केबल त्यात लावा.

एनव्हीएमईच्या (साटापेक्षा फास्ट, पट्टीसारख्या नव्या एसएसडीच्या) नादाला मात्र या जुन्या मशीनवर लागू नका. बोर्डवर स्लॉट नाही, पीसीआय एक्सप्रेस कार्डात घालून बसवता येती, पण त्या काळातलं बायोस (मशीन चालू होताना विंडोजच्या आधी उठणारं बोर्डवरचं सॉफ्टवेअर) बहुतेक वेळा तिच्यावरून विंडोज चालू करूच शकत नाही. दुकानदार म्हणला ‘फास्ट आहे, घेऊन जा’ म्हणून एम-डॉट-टू वाली पट्टी घेऊन आलेले लोक माझ्या बघण्यात आहेत. अडीच इंची, साटा, एवढे दोन शब्द बोला आणि डबा हातात घेऊन वाचा.

बसवायचं काम स्क्रूड्रायव्हर धरता येणाऱ्या कुणालाही जमतं. डब्यात साटाची केबल येत नाही, ती वेगळी घ्या, किंवा डीव्हीडी रायटर असाच धूळ खात पडला असल तर त्याची डेटा आणि पॉवर दोन्ही काढून वापरा, मी तेच केलं. जुन्या कॅबिनेटात अडीच इंचाची जागा नसती, ब्रॅकेट भेटलं तर ठीक, नसता डबलटेपनं चिकटवली तरी चालती, आत हलणारं काहीच नसल्यामुळं उभी-आडवी कशीही चालती. मोलेक्सवरून (पॉवरच्या जुन्या चार पिनांच्या प्लगवरून) साटा पॉवर करणारे ते प्लास्टिकमधी ओतलेले स्वस्तातले कन्व्हर्टर मात्र नको, ते वितळल्याच्या, जळाल्याच्या तक्रारी बक्कळ आहेत.

विंडोज मी क्लोन (जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल) न करता नवीन टाकलं, इतक्या वर्षांचा कचरा तसाच्या तसा नव्या घरात कशाला न्यायचा. बोर्ड तोच असल्यामुळं विंडोज १० इंटरनेट लागल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट झालं. यातली एक खुबी कुणी सांगत नाही, ती म्हणजे विंडोज टाकताना जुन्या हार्डडिस्कची केबल काढून ठेवायची. दोन्ही लावून टाकलं तर कधीकधी विंडोज एसएसडीवर जातं पण चालू करायचा बूट भाग जुन्या डिस्कवरच राहतो, आणि पुढं कधी ती डिस्क मेली की चांगल्या एसएसडीवरचं विंडोजसुद्धा उठत नाही. आधी बायोसमधी साटा मोड, म्हणजे बोर्डनं डिस्कशी बोलायची पद्धत, एएचसीआय करून घ्यायचा, मगच इन्स्टॉल. हे एएचसीआय लक्षात ठेवा, पुढं याच्यावरच रामायण आहे.

ज्यात फरक पडला नाही तेबी सांगतो. बॅनरवर भाऊंच्या वाढदिवसाला तीस-पस्तीस शुभेच्छुकांची तोंडं असतात, प्रत्येकाचा फोटो मोबाईलवरून आलेला, प्रत्येकाचं बॅकग्राउंड कापायचं, मग त्याला सावली आणि चमक. फोटोशॉपमधी ती इफेक्टची पट्टी सरकायला जेवढा वेळ आधी लागायचा तेवढाच आता लागतो, ते काम प्रोसेसरचं. फाइल सेव्ह व्हायला आणि उघडायला मात्र फरक आहे. आणि रॅम भरून फोटोशॉप डिस्कवर सांडायला लागलं की आधी सगळं थिजायचं, आता नुस्तं हळू होतं. २०२५ च्या डिसेंबरमधल्या नगरपरिषद निवडणुकीत कोरल, फोटोशॉप, व्हॉट्सॲप वेब सगळं एकाच वेळी उघडं ठेवून काम काढलं ते यामुळंच. रॅम ४ जीबी असल तर तीसुद्धा ८ करा, नसता एसएसडीला रॅमची हमाली करावी लागती. अधूनमधून कुणाचा फॉर्म भरायला बसलो तर सरकारी साइट जशी होती तशीच आहे, सर्व्हर झोपला की एसएसडी काय करणार.

आता लाइटीचं. आपल्या मराठवाड्यात हा विषय सोडून कॉम्प्युटरबद्दल लिहिणं म्हणजे उगंच. एसएसडी घेतली आणि यूपीएसची बॅटरी मेलेलीच ठेवली असं करू नका. या स्वस्त एसएसडीत अचानक लाइट गेल्यावर हातातलं लिखाण पूर्ण करण्यापुरता करंट साठवणारे कपॅसिटर नसतात, ते महागड्या सर्व्हरच्या मालात असतात. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, त्यात माझ्या मॉडेलला पॉवर अचानक गेल्याचा आकडा दिसतो, यूपीएसची बॅटरी बदलायच्या आधी तो महिन्यागणिक चढत होता, बदलल्यापासून जागेवर आहे.

२०२५ च्या सप्टेंबरमधली अतिवृष्टी तुम्हाला आठवत असलच, मराठवाड्यात सोयाबीन पाण्याखाली गेलं, रस्ते बंद, लाइटीचा पत्ता नाही. दुकान काही दिवस बंदच होतं, मेन स्विच खाली. उघडल्यावर मशीन चालू केलं तर काळ्या स्क्रीनवर एफ-वन दाबा म्हणलं, दाबलं, विंडोजचं चिन्ह आलं आणि लगेच निळी स्क्रीन, इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस, परत रिस्टार्ट, परत तेच. समोर एका मुलीकडचे पत्रिकेचं प्रूफ बघायला आलेले, ‘दादा, पत्रिका तेवढी निघंल ना?’ मशीन दुरुस्तीवाल्याला दाखवलं, त्यानं पाच मिनिटात निकाल दिला, एसएसडी गेली, ओल लागली असल, नवीन टाका, डेटा विसरा.

शेजारच्या मोबाईल दुकानातलं पोरगं तिथंच उभं होतं, ते म्हणलं, ‘काका, बायोसमधलं घड्याळ बघा की, साल २०१२ दाखवायलंय.’ तिथं ट्यूब पेटली. बोर्डवरचा बटणासारखा सेल मेलेला. रोज लाइट असती तोवर बोर्डला एसएमपीएसमधून (कॅबिनेटातल्या पॉवर सप्लायमधून) थोडा थोडा करंट भेटत राहतो, त्यामुळं सेल संपलेला कळतसुद्धा नाही, मेन स्विच काही दिवस खाली राहिला की बायोस सगळं विसरून कंपनीच्या सेटिंगवर जातं. आमच्या बोर्डला कंपनीची सेटिंग म्हणजे साटा मोड आयडीई, डिस्कशी बोलायची जुनी पद्धत. विंडोज टाकलंय एएचसीआयवर, बायोस म्हणतंय आयडीई, मग विंडोजला स्वतःचीच डिस्क ओळखू येईना. मोड परत एएचसीआय केला, तारीख नीट केली, सेव्ह केलं, आणि मशीन असं उठलं की जणू काही झालंच नव्हतं. घड्याळाच्या दुकानातून सीआर २०३२ चा सेल आणून टाकला, चहा-वड्याच्या पैशात काम. तुमचं मशीन आठ-दहा वर्षांचं असल तर एसएसडी टाकायला कॅबिनेट उघडलंच आहे तेव्हाच सेल बदलून टाका, आणि २०३२ च घ्या, २०२५ नंबरचा पातळ असतो, खोबणीत ढिला बसतो.

टिकण्याचं म्हणाल तर माझ्या मॉडेलला कंपनी १६० टेराबाइट लिखाणाची हमी देती. रोज १५ जीबी लिहिलं धरलं तरी हिशोब २९ वर्षांवर जातो, तोवर हा बोर्डच राहणार नाही. हेल्थ अजून ९८ टक्के दाखवायलंय. मे महिन्यात पत्र्याखाली एसएसडीचं तापमान पन्नाशीला टेकलं, तिची मर्यादा ७० आहे, त्यामुळं चिंता नाही, प्रोसेसरच्या पंख्यातली धूळ काढायची चिंता जास्त. पण हेल्थ ९८ आहे म्हणून बिनघोर राहू नका. हार्डडिस्क मरायच्या आधी बऱ्याच वेळा टक टक करती, हळू होती, निरोप देती. एसएसडीचा कंट्रोलर (तिचा कारभार बघणारी चिप) गेला तर आज आहे आणि उद्या बायोसमधी नावसुद्धा नाही, आणि डेटा काढून देणारे जो भाव सांगतात तो ऐकून डिस्कच बरी वाटती. म्हणून जुनी ५०० जीबी मी काढली नाही, ती डी ड्राइव्ह म्हणून आतच आहे, चालू कामं एसएसडीवर आणि रात्री दुकान बंद करताना त्यांची कॉपी डीवर. वर्षाच्या जुन्या पत्रिका वेगळ्या बाहेरच्या डिस्कवर, कारण मोठ्या लेकीची पत्रिका केलेले लोक धाकटीच्या वेळी ‘तीच काढा, फक्त नावं बदला’ म्हणत येतात.

राहिला भाव. मी घेतली तेव्हा तीन हजाराच्या आत भेटली होती, २०२५ च्या शेवटापासून मेमरीचा सगळाच माल महागलाय, त्यामुळं आज तो भाव धरू नका. ४८० परवडत नसल तर २४० घ्या, विंडोजमधी ती २२३ दिसती, कोरल-फोटोशॉप आणि चालू कामाला पुरती. १२० च्या भानगडीत पडू नका, अपडेटनंच भरती. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय आणि थर्ड जनरेशनला ११ अधिकृतपणे चालत नाही, एसएसडी टाकली म्हणून ती अडचण सुटत नाही. ज्यादाच्या वर्षाचे सिक्युरिटी अपडेट घेऊन मी २०२६ च्या ऑक्टोबरपर्यंत ढकलणार आहे. बँकेचं काही या मशीनवर करत नाही, ते मोबाईलवर. पुढच्या लग्नसराईत नवीन मशीन घ्यायचं झालं तर साटाचा पोर्ट नव्या बोर्डवरसुद्धा असतो, ही एसएसडी काढून तिकडं लावणार.