उथळ ढग ते मुसळधार सरी : ‘आयमर्ग’ पर्जन्यनोंदींचे परीक्षण

उष्णकटिबंधातील भर समुद्रावर पर्जन्यमापक जवळपास नसतातच, त्यामुळे तेथील पावसाच्या अभ्यासाला नासाच्या ‘आयमर्ग’ या उपग्रहाधारित नोंदींचा मोठा आधार आहे. दर अर्ध्या तासाला, अक्षांश-रेखांशांच्या ०.१ अंशाच्या चौकटीनिहाय पावसाचे अंदाज देणारी ही सेवा विनामूल्य आहे. उथळ ढगांचे पावसाच्या उंच ढगांत रूपांतर कसे होते, हे तिच्यात कितपत दिसते, एवढ्याच प्रश्नापुरते हे परीक्षण आहे.

व्यापारी वाऱ्यांच्या पट्ट्यातील लहान क्युम्युलस (कापसाच्या पुंजक्यांसारखे) ढग साधारण दोन किलोमीटर उंचीवर अडतात, कारण तेथे वर उबदार, कोरड्या हवेचा थर असतो आणि कडांमधून आत शिरणारी कोरडी हवा थेंबांचे बाष्पीभवन करून ढगाची उचल मोडून टाकते. मधल्या थरांत ओलावा वाढला की पुढच्या ढगांची झीज कमी होते. काही ढग पाच-सहा किलोमीटरपर्यंत, म्हणजे गोठणपातळीच्या आसपास पोहोचतात, आणि त्यापुढे गेलेल्यांना पाणी गोठताना सुटणारी उष्णता आणखी वर रेटते. पावसाने गार झालेली हवा समुद्रावर पसरते आणि तिच्या कडेवर नवे ढग उभे राहतात. हा ओलावा उथळ ढगच पुरवतात की विस्तृत प्रदेशावर वर चढणारी हवा, यावर अभ्यासकांत अजूनही वाद आहे. म्हणूनच या रूपांतराच्या पहिल्या काही तासांच्या नोंदी इतक्या मोलाच्या ठरतात.

नेमक्या त्याच तासांत ‘आयमर्ग’ कमी पडते. उंच ढगांतील बर्फ आणि समुद्रावरचा जोरदार पाऊस उपग्रहांवरील सूक्ष्मलहरी (मायक्रोवेव्ह) संवेदकांना चांगला टिपता येतो, परंतु उबदार माथ्याच्या ढगातील हलकी सर अनेकदा निसटते. दोन सूक्ष्मलहरी निरीक्षणांमधल्या वेळेत आधीचा पाऊस अंदाजे हालचालीनुसार पुढे सरकवला जातो, आणि जिथे ही मधली वेळ मोठी असते तिथे ढगमाथ्याच्या तापमानावरून काढलेला अवरक्त (इन्फ्रारेड) अंदाज मिसळला जातो. मधल्या काळात जन्मून विरलेली सर यात सापडेलच, याची खात्री नाही.

तरीही मला ही सेवा मनापासून आवडते, कारण ती आपल्या मर्यादा झाकत नाही. सूक्ष्मलहरी आकडा कोणत्या संवेदकाचा आहे आणि अवरक्त अंदाजाचा प्रभाव किती आहे, हे प्रत्येक चौकटीसाठी त्याच फाइलमध्ये दिलेले असते. हे रकाने न वाचता काढलेल्या पाऊस सुरू होण्याच्या वेळेवर मी विश्वास ठेवणार नाही.

सुमारे चार तासांत मिळणारी पहिली आवृत्ती पाऊस काळात फक्त पुढे सरकवते, तर सुमारे चौदा तासांनी येणारी दुसरी आवृत्ती नंतरच्या निरीक्षणावरून मागेही. त्यामुळे या विषयासाठी दुसरी किंवा काही महिन्यांनी येणारी अंतिम आवृत्तीच घ्यावी. तिच्या जोडीला जपानच्या हिमावरी हवामान उपग्रहाची दहा मिनिटांची चित्रे ठेवली, तर उथळ ढगांची वाढ डोळ्यांनीच तपासता येते.