जांभळ्या टोपणाची एकच ट्यूब

एप्रिलातली गोष्ट. आमच्या जुळे सोलापुरातल्या सोसायटीच्या ग्रुपवर जाहिरात आली: घरी येऊन रक्त नेणार, ७२ तपासण्या, ७९९ रुपये. मीच पुढाकार घेऊन अकरा घरांची नावं गोळा केली. हे आधीच सांगून टाकते, कारण पैशांपेक्षा तेच जास्त लागलंय.

सकाळी साडेसातला पोरगा आला, पाठीला कॉलेजची असते तसली सॅक. सासूबाईंचं आणि माझं रक्त घेतलं, एकेक छोटी ट्यूब, जांभळ्या टोपणाची, आणि सॅकच्या पुढच्या कप्प्यात टाकली. बर्फाचा डबा वगैरे काही नाही. अजून दहा घरं करून मग हैदराबाद रोडला जायचंय म्हणाला. एप्रिलात आपल्याकडे दहा वाजताच रस्ता तापतो. खटकलं होतं, पण पोराचा हात हलका होता, सुई कळली नाही, म्हणून मी उलट त्याला चहा पाजला!

संध्याकाळी मोबाइलवर एकोणीस पानांचा रंगीत रिपोर्ट. सासूबाईंचं क्रिएटिनिन १.९, लाल अक्षरात. माझं व्हिटॅमिन डी ११.२, तेही लाल. अर्ध्या तासात 'डॉक्टर मॅडम'चा फोन: किडनीवर ताण आहे, तीन महिन्यांचा पावडरीचा कोर्स, ६,४०० रुपये, आजच भरले तर सवलत. ह्यांनी लगेच भरले. पुढचे बारा दिवस सासूबाईंची डाळ बंद, शेंगाचटणी बंद. कडक भाकरी दुधात कुस्करून खायच्या आणि कुणाशी बोलायच्या नाहीत.

मग माझी मावशी आली. तीस वर्षं लॅबमध्ये काढलेली बाई. रिपोर्ट हातात घ्यायच्या आधीच विचारलं, "ट्यूब किती घेतल्या? टोपण कसल्या रंगाचं?"

"एकच. जांभळं."

"काय बोलालीस तू? मग हे कॅल्शियम कुठनं आलं?"

जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये ईडीटीए नावाचं रसायन असतं, तेही पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात. रक्त गोठू नये म्हणून ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं. हिमोग्लोबिन, पेशींची मोजणी, तीन महिन्यांची सरासरी साखर, यासाठी तीच ट्यूब लागते. पण त्या रक्तातलं कॅल्शियम मोजलं तर आकडा पार तळाला जातो, आणि पोटॅशियम इतकं चढतं की तेवढं खरंच असतं तर माणूस चहा पीत बसलेला दिसला नसता. सासूबाईंच्या रिपोर्टात कॅल्शियम ९.४, पोटॅशियम ४.२. छान, गोंडस आकडे. म्हणजे ते रक्त त्या मशीनपर्यंत गेलंच नव्हतं. या तपासण्यांना लाल किंवा पिवळ्या टोपणाची ट्यूब हवी. साखरेला करड्या टोपणाची, फ्लोराइडवाली. नाहीतर ट्यूबमधल्या पेशीच साखर खात राहतात आणि आकडा तासाला पाच-सात टक्क्यांनी उतरतो.

मावशीने पेन काढलं. टोटल कोलेस्टेरॉल १८६, एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल ४८, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी १५०. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 'हिशोबाने काढलेलं' असं छापलेलं. तो हिशोब म्हणजे टोटलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करायचा: १०८. छापलं होतं १४१. वजाबाकीचेसुद्धा कष्ट घेतले नव्हते मेल्यांनी. खाली सही स्कॅन केलेली, नोंदणी क्रमांक नाही. रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये म्हटलंय, हे मला त्या दिवशी कळलं.

आणखी एक ती म्हणाली, ते मला या सगळ्यापेक्षा मोलाचं वाटतं. 'नॉर्मल' ची रेघ साधारण शंभरातले पंच्याण्णव धडधाकट लोक आत बसतील अशी मारलेली असते. वीस तपासण्या केल्या तर ठणठणीत माणसाचाही एखादा आकडा बाहेर जाण्याचीच शक्यता जास्त. ७२ केल्या तर खऱ्या लॅबमध्येही काही ना काही लाल निघणारच. आमच्याकडे तर ते लाल विकायलाच छापलं होतं.

दुसऱ्या दिवशी नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी सांगितलेल्या लॅबमध्ये रक्त दिलं. सासूबाईंनी स्वतः टोपणं मोजली: तीन, वेगवेगळ्या रंगांची. क्रिएटिनिन ०.९. डॉक्टरांनी पावडर बंद करायला लावली.

पोराचा नंबर बंद आहे. सायबर क्राइमच्या १९३० वर आणि ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार केली, पैसे अजून आलेले नाहीत. ग्रुपवर माफी मागितली आणि सगळ्यांना आपापले रिपोर्ट टाकायला सांगितले. आतापर्यंत सहा घरांनी टाकलेत. त्यातल्या चौघांचं व्हिटॅमिन डी ११.२ आहे.